आप्पांनी बघितलं का?

डिप्लोमा कॉलेजात इमारत बांधकाम हा विषय मी एकोणीस वर्षं शिकवला. पाया कसा घ्यावा, ओल का येते, भिंतीचा तडा कुठून सुरू होतो, हे सगळं फळ्यावर खडूने काढून दाखवलं. पण आमच्या कॉलेजातल्या कुणाला घर घ्यायचं झालं, की तो माझ्याकडे येत नसे. तो लॅबच्या मागच्या दाराने आत जाई आणि राजधर आप्पांना विचारी, "रविवारी मोकळे आहात का?"

राजधर बोरसे हे आमच्या लॅबमधले शिपाई. काँक्रीटचे ठोकळे दाबाच्या मशीनखाली ठेवायचे, फुटले की तुकडे उचलायचे, वाळूच्या चाळण्या धुवायच्या, एवढं त्यांचं काम. शिक्षण सातवी. गाव अमळनेरकडचं. सोळाव्या वर्षी सुरतेला आले ते इतर खानदेशी पोरांसारखे लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, लागायला. आठ दिवसांत परत बाहेर पडले. "त्या आवाजात कान जातील," म्हणून बांधकामावर गेले. घमेली उचलली, मग गवंडी झाले आणि वीस वर्षं प्लॅस्टर केलं. एकदा परांचीवरून पडून डावा पाय अधू झाला, तेव्हा कुणीतरी त्यांना आमच्या कॉलेजात चिकटवलं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मी एकटा 'बोरसे' म्हणत असे. ते माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे होते, हे मला ठाऊक असूनही.

घर बघायला निघाले की आप्पांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असे. तिच्यात एक बॅटरी, एक स्टीलची वाटी, थोडी सुतळी आणि जुना जाड रुपया. कागद नाही, पेन नाही. विकायचं घर तिसऱ्या मजल्यावर असलं तर आप्पा तिथे थांबतच नसत. लंगडत थेट चौथ्या मजल्यावर जात, बेल वाजवत, आणि उघडणाऱ्या बाईला म्हणत, "ताई, खालचं घर आमच्या माणसाला घ्यायचंय. तुमची मोरी बघू देता का?" बायका बघू देत. नुसती बघू देत नसत, खालच्यांशी पाण्यावरून झालेली सगळी भांडणंही सांगत. "आधी वरच्या घरी," असं ते नेहमी म्हणत. "खालचा माणूस खोटं बोलंल, वरचा कशाला बोलंल? त्याला कुठं विकायचंय?"

मग घरात येत. चपला बाहेर काढत आणि अनवाणी, अगदी सावकाश चालत. रुपयाने एकेक टाइल वाजवत. कपाटं उघडून डोकं आत घालत आणि वास घेत. मोरीत बादलीभर पाणी ओतून उकिडवे बसत आणि ते कुठे जातंय ते बघत राहत. सगळ्या घरातले नळ एकदम सोडायला लावत. या सगळ्या वेळात एक शब्द बोलत नसत आणि विकणाऱ्याच्या घरचं पाणीही पीत नसत. मालक चहाचा आग्रह करी, आप्पा हात जोडत. सगळं उरकून बाहेर पडले, की गल्लीचं वळण येईपर्यंत चूप. वळणावर थांबून निकाल देत. निकाल तीनच प्रकारचे. "घ्या." "नका घेऊ." आणि "घ्या, पण भांडून घ्या."

त्यांच्या काही म्हणी कॉलेजभर झाल्या होत्या. "नवा रंग दिसला की समजा, खाली जुनं दुखणं आहे." "घर बघताना मालकाचं तोंड बघू नका. तो कुठल्या भिंतीला टेकून उभा राहतो ते बघा, आणि ती भिंत आधी तपासा." दलालाने सुचवलेला तपासणारा कुणी आणला, तर आप्पा हसत. म्हणत, "मुलगा कसा आहे, हे नवरदेवाच्या मावशीला विचारायचं असतं का?"

या म्हणी मुलं माझ्या तासाला मला ऐकवत. उत्तरपत्रिकेतसुद्धा एकाने एक लिहिली होती. मी त्याला अर्धा गुण कमी दिला.

आमच्या ग्रंथपाल सुनंदा पाटील यांनी बमरोलीला, सुरतेतल्या लूमच्या भागात, घर बघितलं, तेव्हा त्यांनी आप्पांना बोलावलं. मला बोलावलं नव्हतं. "मीही येतो, दोघांनी बघितलेलं बरं," असं म्हणून मी आपण होऊन गेलो. रविवार होता. मी ओळंबा सोडला, भिंती सरळ होत्या. तुळया बघितल्या, चांगल्या होत्या. तडा एकही नव्हता, सहा महिन्यांपूर्वीच सगळीकडे नवं प्लॅस्टर झालं होतं. मी आप्पांच्या आधी वळणावर पोहोचलो आणि त्यांच्या आधी बोललो. "घ्यायला हरकत नाही, पाटीलबाई. बांधकाम उत्तम आहे."

बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि आप्पांकडे बघितलं.

आप्पा म्हणाले, "सर बरोबर बोलताहेत. बांधकाम चांगलंय. पण बाजूला कुलूप लावलेलं लूमचं खातं आहे, आज सुट्टी आहे कारखान्याला. उद्या दुपारी एकदा येऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी लूम चालू होत्या. भिंतीपलीकडे धडधड सुरू होती, पण तेवढी तर बमरोलीत कुठेही असते. आप्पांनी पिशवीतून वाटी काढली, काठोकाठ पाणी भरलं आणि खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवली. आम्ही तिघं भोवती बसलो. वाटीतलं पाणी थरथरत होतं. बारीक बारीक वर्तुळं काठापासून मध्याकडे येत होती, थांबतच नव्हती. पाटीलबाई बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग आपण होऊनच म्हणाल्या, "म्हणजे ही भिंत दिवसरात्र अशीच..."

"हां," आप्पा म्हणाले. "सहा महिन्यांपूर्वीचं प्लॅस्टर हौसेनं नाही केलेलं."

कंपनांचा इमारतीवर होणारा परिणाम हा धडा मी तिसऱ्या सत्राला शिकवत असे. चित्रासकट. त्या दिवशी घरी येताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती वाटी येत होती. इतकी साधी गोष्ट. मला का सुचली नाही, याचं दुःख नव्हतं. ती त्यांना सुचली, याचं होतं.

हेवा ही गोष्ट फार मेहनती असते. पुढची दोन वर्षं मी जेवढा अभ्यास केला तेवढा नोकरीच्या मुलाखतीलाही केला नव्हता. लेझरने मोजायचं यंत्र घेतलं. ओल मोजायचं यंत्र मागवलं. स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिलं, 'घर घेण्यापूर्वी मोफत तांत्रिक तपासणी, सबनीस सरांना भेटा.' गणिताचे पटेल सर तेवढे आले. मी त्यांचं घर दोन तास तपासलं, चार पानी टिपण लिहून दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं, आभार मानले आणि विचारलं, "आप्पाए जोयुं?"

मराठी माणूस विचारी, आप्पांनी बघितलं का? गुजराती विचारी, आप्पाए जोयुं? एवढाच फरक.

म्हणून मी पुढे जे केलं ते केलं. आढेवेढे न घेता सांगतो. पटेल सरांना मी म्हणालो, "माणूस चांगला आहे हो. पण आता सगळे दलाल ओळखतात त्यांना. परवा एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाताना दिसले. आपण काय बोलणार?"

दिसले होते, हे खरं होतं. त्या दिवशी पाय सुजला होता म्हणून रस्त्यात भेटलेल्या दलालाने त्यांना लॅबपर्यंत सोडलं होतं. तेही मला ठाऊक होतं, कारण मी लॅबच्या दारात उभा होतो आणि त्यांना उतरताना मीच हात दिला होता. पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं नाही.

महिन्याभरात लॅबच्या मागच्या दारापाशी कुणी दिसेनासं झालं. पाटीलबाई तेवढ्या स्टाफरूममध्ये एकदा मोठ्याने म्हणाल्या, "कोण काय बोलतं आणि का बोलतं, ते कळतं आम्हाला." मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. आप्पांनी मला काहीच विचारलं नाही. तास संपवून मी लॅबवरून जाई, तेव्हा ते पाठमोरे बसून चाळण्या धूत असत. पूर्वीही धूतच असत, पण आता मला ती पाठ वेगळी दिसे.

त्याच सुमारास आम्ही घर घ्यायचं ठरवलं. सुरतेतच पाल भागात, पाच मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरचं जुनं पण नीटनेटकं घर. मी ते चार वेळा जाऊन तपासलं. यंत्रं लावली. मला ते पसंत पडलं. संध्याकाळी ते माझ्या बायकोला, नलूला सांगितलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वह्या तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आप्पांनी बघितलं का?"

"मी बघितलं ना!"

"तुम्ही बघितलंत ते कळलं. मी आप्पांचं विचारतेय."

"नलू, मी त्या माणसाला विषय शिकवू शकतो."

"शिकवा ना. पण घर दाखवा."

मी घर दाखवणार नव्हतो. तिचं तोंड बंद करायला मी तपासणीची एक कंपनी बोलावली. दलालानेच नंबर दिला होता. दोन तरुण आले, गळ्यात ओळखपत्रं, हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा. भिंतींचे लाल-निळे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी चाळीस पानांचा अहवाल आला. प्रत्येक बटणाचा फोटो, प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण. मी तो नलूपुढे ठेवला. तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला.

"वरच्या घरी गेले होते का हे लोक?"

"अहवालात तसा रकाना नाही."

"बरं," ती म्हणाली. ती 'बरं' म्हणते तेव्हा काही बरं नसतं. पण मला तेवढ्यावर वाद संपवायचा होता.

आठवड्याभराने आप्पा माझ्या खोलीत आले. हातात फुटलेला ठोकळा होता. दारात उभं राहून म्हणाले, "सर, एक शंका होती. वेळ आहे का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी शंका विचारली नव्हती. मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"एक जुनं घर आहे समजा. हॉलला साधं छत. बेडरूमला साधं छत. आणि फक्त एका बाथरूमला पीओपीचं खोटं छत. नवं कोरं. शोभेसाठी करत असतील का लोक?"

मी खुर्चीत मागे टेकलो. "बोरसे, बाथरूममध्ये शोभा कोण बघतो? वरून गळत असणार. ते झाकायला..."

आणि मी थांबलो. पालच्या घराला दोन बाथरूम होती. एकाला खोटं छत होतं. मला ते आवडलं होतं. त्यात छान दिवे बसवले होते.

"हां," आप्पा म्हणाले. "मलाही तसंच वाटत होतं. पण तुम्हाला विचारून खात्री करावी म्हटलं." ठोकळा घेऊन ते निघून गेले.

मला संशय आला नाही. खरं सांगायचं तर संशय यायला लागला होता, तो मी येऊ दिला नाही. योगायोगाने शंका विचारली, आणि माझ्या ज्ञानामुळे मला उलगडा झाला, हे मानणं फार सोपं होतं. मी त्याच संध्याकाळी पालला गेलो. मालक नको नको म्हणत असताना छताचा एक चौकोन उघडायला लावला. वर सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगल्या होत्या. काँक्रीटचे पोपडे खोट्या छतावर पडून साचले होते. मग मी वरच्या घरी गेलो. ती गळती सहा वर्षांची होती.

घरी येऊन मी नलूला सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून. तिने हातातला चमचा खाली ठेवला. "बाई गं! तुम्ही बघितलंत म्हणून. नाहीतर फसलोच होतो."

एकोणीस वर्षांच्या संसारात तिने माझं असं कौतुक फार वेळा केलं नव्हतं. पुढचे चार दिवस मी तरंगत होतो. कॉलेजात तीन जणांना सांगितलं. पाचव्या दिवशी घर घेत नाही हे सांगून आमचे कागद परत आणायला पालला गेलो. खाली वॉचमन होता, गप्पिष्ट.

"साहब, अच्छा किया नहीं लिया," तो म्हणाला. "वो लंगड़े काका तो उसी दिन समझ गए थे. ऊपरवालों के यहाँ एक घंटा बैठे थे, मॅडम के साथ."

"कौन मॅडम?"

"आपकी मॅडम, साहब."

मी कागद घेतले. घरी आलो. नलू मेथी निवडत बसली होती.

"मिळाले का कागद?"

"मिळाले."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की मला कळलं. तिने मेथीची जुडी निवडून संपवली. मग तिने सांगितलं. कंपनीचा अहवाल आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती शाळेतून परस्पर आप्पांकडे गेली आणि त्यांना पालचं घर दाखवायला घेऊन गेली होती. जिना उतरताना आप्पा तिला म्हणाले होते, "बाई, हे तुम्ही सांगू नका आणि मी पण सांगणार नाही. सरांना सापडू द्या. दुसऱ्यानं शोधलेलं त्यांना पचायचं नाही."

"आणि तू विचारलं नाहीस, की ते आलेच कसे? मी त्यांच्याबद्दल जे..."

"विचारलं. कॉलेजात कोण काय बोललं ते बायकांना कळतं, तुम्हाला वाटतं कळत नाही. मी त्यांना म्हटलं, आप्पा, यांनी तुमच्याबद्दल असं बोलूनसुद्धा तुम्ही आलात? तर म्हणाले, घर तुमचंपण आहे ना."

लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण आधी वाटला तो हेवाच, पूर्वीपेक्षा कडू. घर तपासण्यात हा माणूस माझ्यापुढे होता, ते मी कसंबसं सोसत होतो. आता मोठेपणातही पुढे गेला होता. शिवाय तो आणि माझी बायको जिन्यात उभे राहून मला कसं सांभाळायचं ते ठरवत होते, हे चित्र काही केल्या डोक्यातून जाईना. मी पटेल सरांना गाठून मोटारसायकलची खरी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "पण हे तेव्हा का नाही सांगितलंत?" लोक हळूहळू परत आप्पांकडे जायला लागले. मी आप्पांपाशी मात्र एक अक्षर बोललो नाही.

सहा-सात महिने गेले. आप्पांची निवृत्ती जवळ आली होती. एक दिवस ते पुन्हा माझ्या खोलीच्या दारात.

"सर, रविवारी मोकळे आहात का?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते कधी चेष्टा करत नसत.

"कोसाडला एक बैठं घर बघितलंय. मला घ्यायचंय. तुम्ही तपासायला चला."

"मी? तुम्हाला कशाला कुणी लागतं, बोरसे?"

"मला घर आवडलंय सर. आवडलं की कान काम करत नाही. चार वेळा रुपया वाजवला, चारही वेळा गोडच वाजला."

"मग दुसरं कुणी... इतकी घरं बघून दिलीत तुम्ही लोकांना."

"ते सगळे माझं भलं बघणारे. म्हणतील, घ्या आप्पा घ्या, किती दिवस भाड्यानं राहाल." मग ठोकळ्याचा नंबर वाचावा तशा आवाजात म्हणाले, "तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. तुमच्या नजरेतून फट सुटणार नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आणि मुद्दामच चांगल्या घराला वाईट म्हटलं तर?"

"माणसाबद्दल बोलाल, सर. बोललात पण. भिंतीबद्दल नाही बोलणार. शिकवता ना तुम्ही ते."

रविवारी मी कोसाडला गेलो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे हातभर अंगण. अंगणात शेवग्याचं झाड, शेंगांनी लगडलेलं. आप्पांची बायको विमलताई आधीच येऊन बसल्या होत्या. बुटक्या, हसऱ्या बाई. आयुष्यभर बमरोलीच्या एका खोलीत राहिलेल्या. त्या हाताच्या वितीने ओटा मोजत होत्या आणि आपल्याशीच अहिराणीत बोलत होत्या. "आठे देव. तठे पानीनं मडकं." मला बघून म्हणाल्या, "सर, शेंगा न्या बरं का जाताना. घर झालं की दर आठवड्याला पाठवीन."

मी कामाला लागलो. आप्पा ओट्यावर बसून राहिले, आत आलेच नाहीत. पुढच्या दोन्ही खोल्या चांगल्या होत्या. मला आठवतं, मी जीव लावून शोधत होतो. दोष सापडावा असं मला वाटत होतं. आप्पांना जे दिसलं नाही ते मला दिसावं, एकदा तरी. मग मी पाण्याची पारदर्शक नळी काढली, तिचं एक टोक पुढच्या खोलीत बांधलं आणि दुसरं स्वयंपाकघरात धरलं. दोन्हीकडची पाण्याची पातळी तीच असते, भिंतीवर खुणा करून जमिनीपर्यंत मोजलं की फरक कळतो. स्वयंपाकघर जवळजवळ दोन बोटं खाली होतं. मी फळीवरचे डबे बाजूला केले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा खाली गेला होता. पुट्टीने भरला होता. आणि पुट्टी मधोमध पुन्हा चिरली होती.

मालकाला विचारलं. बराच वेळ टाळून त्याने सांगितलं, की मागे पूर्वी खाडीचा खड्डा होता, भराव घालून नंतर स्वयंपाकघर वाढवलं.

त्या क्षणी माझ्या छातीत जे उसळलं त्याला आनंदच म्हणतात. मला सापडलं होतं. त्यांना सापडलं नव्हतं. मी नळी गुंडाळत बाहेर आलो आणि बघितलं तर विमलताई अंगणात उभ्या होत्या, टाचा उंचावून एक शेंग तोडत होत्या. आनंद जागच्या जागी विरला. मला वाटलं, सांगू नये. दोन बोटं तर आहेत. म्हातारा-म्हातारीला राहू दे.

आप्पा ओट्यावरून माझ्याकडे बघत होते.

"स्वयंपाकघर खचतंय," मी म्हणालो. "भरावावर आहे."

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "थांबलंय, का चालू आहे?"

"पुट्टी पुन्हा फाटलीय. चालू आहे. नका घेऊ, आप्पा."

पहिल्यांदा मी त्यांना आप्पा म्हणालो, ते मला नंतर लक्षात आलं. ते उठले. मला वाटलं, आत जाऊन स्वतः बघतील. तडा बघतील, नळी धरून बघतील, माझी चूक काढायचा प्रयत्न करतील. मी तसंच केलं असतं. ते आत गेले नाहीत. अंगणाच्या दिशेने हाक मारली, "चाल वं, विमल."

"काब्र?" त्यांनी तिथूनच का म्हणून विचारलं.

"सर नही म्हनतस."

विमलताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. मग हातातल्या दोन-तीन शेंगा मालकाच्या ओट्यावर ठेवल्या, कारण आता त्या आपल्या नव्हत्या, आणि चपला घातल्या. दोघं गल्लीतून गेली. मी मालकाच्या दारात नळीतलं पाणी सांडत उभा राहिलो. आयुष्यात घर घेण्याची एकच वेळ आली होती, आणि माझ्यासारख्या माणसाच्या एका शब्दावर त्यांनी ती सोडून दिली. तो तडा त्यांनी डोळ्यांनी बघितलासुद्धा नाही. मला कुणाचा नकार असा घेता आला नसता. आजही येत नाही.

त्यानंतर त्यांनी सुरतेत घर बघितलं नाही. निवृत्त झाल्यावर गावी भावाच्या जागेत दोन खोल्या बांधायचं ठरवलं. ते जाणार असं कळलं, त्या सकाळी मी बमरोलीला गेलो. माफी मागायची होती. वाक्य ठरवून गेलो होतो.

दारात टेम्पो उभा होता, सामान चढलं होतं. विमलताई ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या. खोलीत नवं भाडेकरू जोडपं आलं होतं, शिरपूरकडचं, नुकतं लग्न झालेलं. आप्पा त्यांना खोली दाखवत होते. घरमालक बाजूला कपाळाला आठ्या घालून उभा होता, आणि आप्पा त्याच्यादेखत सांगत होते, "ह्या भिंतीला ओल येते, पोरी. पलंग इकडे नका ठेवू, गादी खराब होईल. समोरच्या भिंतीला लावा. मोरीचा नळ उलटा फिरतो. पंख्याचं बटण ओल्या हातानं नाही लावायचं." मुलगी मान डोलवत होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. आप्पांनी खिडकीची कडी कशी लावायची तेही दाखवलं, मग बाहेर आले.

"आले का सर! या, या."

"आप्पा, मी तेव्हा तुमच्याबद्दल पटेलांना..."

"सर, एवढं टोक धरा जरा," म्हणून त्यांनी सामानावरच्या दोराचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते ताणून धरलं. ते टेम्पोच्या पलीकडे गेले, गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा एक मारली. मग येऊन माझ्या हातातलं टोकही घेतलं आणि बांधलं. "झालं," म्हणाले. कशाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. अधू पाय आधी वर टाकून ते मागे सामानात चढले, एका ट्रंकेवर बसले आणि हात वर केला.

टेम्पो गल्लीच्या टोकाला वळला. मी तिथेच उभा होतो. उघड्या दारातून त्या मुलीचा आवाज आला, "अहो, धरा ना जरा," आणि मग फरशीवरून जड पलंग सरकवल्याचा आवाज. ओलीच्या भिंतीकडून समोरच्या भिंतीकडे.